आतली सही

चांगू शिपायाने प्लग खोचला, श्रीपतने बटण दाबलं, डब्यातून बारीक ‘टूक’ असा आवाज आला आणि काळ्या पडद्यावर श्रीपतचं स्वतःचंच नाव उमटलं. श्रीपत रेडिओ महाड. इंग्रजी अक्षरं होती, पण तीस वर्षं दुकानाच्या पाटीवर बघितलेली, त्यामुळे वाचावी लागली नाहीत. दोन सेकंद नाव राहिलं, मग वर सरकून गेलं. खाली आकड्यांच्या पाच-सहा ओळी आल्या आणि मशीन तिथंच अडून बसलं.

श्रीपतचा हात बटणावरच राहिला.

“हे असंच होतंय बघा काका, महिना झाला,” गौतमीबाई म्हणाल्या. कापडे गावच्या शाळेत त्या गणित शिकवायच्या, आणि कुणी घेईना म्हणून कॉम्प्युटरही त्यांच्याच गळ्यात पडला होता. “मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाने दिवाळीत नवी सिस्टीम पाठवली, मराठीत लिहिता येणारी. ती घातल्यापासून पुढे जातच नाही. जुनीला काही त्रास नव्हता. पुढच्या आठवड्यात मुलांची परीक्षा आहे, आणि शाळेत मशीन एवढं एकच.”

“हे नाव,” श्रीपत म्हणाला, “हे कधीपासून येतंय?”

“पहिल्या दिवसापासून. तुम्हाला ठाऊक नव्हतं? तुमच्या जितेशनेच घातलं ना ते. गुढीपाडव्याला उद्घाटन झालं तेव्हा त्याने इथंच पहिल्यांदा मशीन लावलं. नाव आलं तसं पडद्याकडे बघत म्हणाला, ‘अर्धंच आलं.’ मला काही कळलं नाही. मग कार्यक्रम संपेपर्यंत पोरगा फाटकाकडेच बघत होता.”

श्रीपतने मशीन बंद केलं. पेचकस टेबलावरच विसरून तो निघाला. चांगूने उचलून दिला.

आता हा श्रीपत कोण, ते सांगितलं पाहिजे. महाडच्या बाजारपेठेत जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढं त्याचं दुकान. तिथं त्याने महाड-पोलादपूर दोन्ही तालुक्यांतले रेडिओ बरे केले. शिवथरपासून कुडपणपर्यंत कुठल्याही घरातला जुना रेडिओ उघडा, झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने तारीख आणि ‘श्रीपत’ अशी सही सापडणारच. सही बाहेर नाही, आत. गिऱ्हाइकाला ती दिसायची गरज नाही, पुढं कधी सेट उघडणाऱ्याला दिसली की झालं. त्याचे दोन नेम होते. बिघडलेला पार्ट सेटात ठेवायचा नाही, आणि झाकण लावल्यावर पहिलं बटण ज्याची सही आहे त्यानेच दाबायचं. आवाज आला तर अब्रू त्याची, नाही आला तर लाजही त्याचीच. जितेश लहानपणी स्टुलावर बसून हे बघायचा, आणि बापाने बटण दाबलं की टाळ्या वाजवायचा.

तोच जितेश आजोळी राहून कापड्याच्या शाळेत दहावी झाला, मुंबईला गेला, कॉम्प्युटर शिकला. एकदा गणपतीला आला तेव्हा चार गिऱ्हाइकांसमोर बोलून गेला, “बाबा, रेडिओ आता कोण दुरुस्त करतं? फेकतात आन नवा घेतात.” पोरगं काही वाकड्यात बोललं नव्हतं. पण श्रीपतच्या ते काळजात रुतलं. त्यानंतर बापलेकांत बोलायचं म्हणजे आई मध्ये. शकू इकडचं तिकडे सांगायची, तिकडचं इकडे.

मंडळाने गावच्या शाळेला कॉम्प्युटर द्यायचं ठरवलं, जुळणी जितेशने केली. पाडव्याच्या आधी दोन दिवस तो सुतळीने बांधलेले दोन खोके घेऊन दुकानात उतरला.

“बाबा, ह्ये ठेवतोय. जरा जोडा आन बटण तेवढं तुमीच दाबा. मी अजून लावलेलं नाय.”

“ठेव तिथं,” श्रीपत म्हणाला. मान वर न करता म्हणाला.

दोन दिवस खोके दुकानात होते. श्रीपतने सुतळीला हात लावला नाही. पाडव्याच्या सकाळी जितेश जीप घेऊन आला, न सुटलेल्या गाठी बघितल्या, खोके उचलून घेऊन गेला. शकू नवं लुगडं नेसून दारात उभी होती. “आवो, चला. पोराने सांगितलंय, बाबांना घेऊन ये.”

“त्याने सांगितलं का तू तुज्या मनाचं सांगत्येस?”

“देवाशपथ, त्याने सांगितलंय.”

“त्याला तोंड हाय. बोलवायचं तर माज्या तोंडावर बोलवील.”

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, त्यातली गत. तो गेला नाही, आणि नवरा येत नाही म्हणून शकूही नवं लुगडं घडी करून ठेवून चुलीशी बसली. पाडव्यापासून भाद्रपदापर्यंत बाप लेकाशी बोलला नाही. भाद्रपदात खेडला कुणाचं तरी मशीन बसवून जितेश परत येत होता, आणि कशेडीच्या घाटात जीप दरीत गेली. चोवीस वर्षांचा होता.

त्याची पिशवी घरी आली, त्यात एक वही होती. शंभर पानी, मराठीत लिहिलेली, वरच्या पानावर ‘बाबांसाठी’. कॉम्प्युटर कसा उघडायचा, कुठला पार्ट काय करतो, कुठल्या अक्षराला मशीन कुठला आकडा म्हणतं, सगळं चित्रं काढून समजावलेलं. श्रीपतने ती वही सहा महिने उघडली नाही, आणि मग उघडली ती सोडली नाही. पन्नाशी ओलांडलेला माणूस मेलेल्या पोराचा धंदा पोराच्याच वहीतून शिकला. आज महाडात कुणाचा कॉम्प्युटर अडला की लोक श्रीपतकडे येतात. लोक म्हणतात, बघा या वयात म्हातारा कसा शिकला! लोकांचं काय जातं म्हणायला.

पण एक गोष्ट तो स्वतःला आणि शकूला रोज सांगायचा. “मला त्याने बोलावलंच नव्हतं गो. बोलावलं असतं तर मी काय गेलो नसतो?” या एका वाक्यावर तो जगत होता. कापड्याच्या शाळेतून दोनदा निरोप आला, तरी तो टाळत राहिला. तिसऱ्यांदा गौतमीबाई स्वतः महाडला आल्या, तेव्हा त्याचा नाइलाज झाला.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर त्याने वही काढली. मशीन उठतं कसं, त्याचं पान त्याला तोंडपाठ होतं, तरी वाचलं.

‘बाबा, बटण दाबलं की पहिलं फर्मवेअर उठतं. ते एका चिपमध्ये राहतं, वीज नसली तरी पुसत नाही. आपल्या घरात आये कशी आधी उठते, चूल पेटवते, कोण कुठं निजलंय बघते, तसं. सगळं जागेवर आहे असं बघून ते कर्नेलला उठवतं. कर्नेल म्हणजे सिस्टीमचा कारभारी, म्हणजे आपल्या घरात तुम्ही. कारभारी उठल्या उठल्या विचारतो, घरात जागा किती? कुठली माझ्या वापराची, कुठली राखीव, जिथं पाय ठेवायचा नाही? फर्मवेअर त्याला एक यादी देतं. कर्नेल ती यादी पडद्यावर छापतो आणि खरी धरून चालतो. स्वतः जाऊन बघत नाही. म्हणून यादी चुकली तर कारभारी पहिल्याच पावलाला आपटतो.’

खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘आमच्या घरचा कारभारी मात्र आयेचं ऐकत नाही.’

श्रीपतने पान मिटलं. बिघाड त्याला शाळेतच कळला होता. चिपमधली यादी बिघडलेली होती. जुनी सिस्टीम हा प्रश्न दुसऱ्या तऱ्हेने विचारायची, म्हणून तिचं भागलं. नवी यादीच मागते. उपाय सरळ होता. तसलीच नवीकोरी, यादी शाबूत असलेली चिप घ्यायची, जुनी काढायची, नवी बसवायची. दुकानाच्या खणात तशी एक होतीसुद्धा. पंधरा मिनिटांचं काम.

आणि जुन्या चिपबरोबर ते नाव जायचं. पोराने रेडिओच्या झाकणाऐवजी चिपमध्ये केलेली बापाच्या नावाची सही.

“शकू,” तो म्हणाला, “आपल्या जितूने मशीनमधी माजं नाव लिवलंय.”

शकू तांदूळ निवडत होती. सूप तसंच राहिलं. “कुठं?”

“आत. बटण दाबलं की दिसतं. दोन सेकंद.”

“आन तुमी काय करणार?”

“चिप बदलणार. बिघडल्येय ती.”

“मंग नाव?”

श्रीपतने वही पिशवीत घातली. शकूने सूप खाली ठेवलं. “पुसायच्या आधी मला दाखवा. मला येऊ द्या.”

“तुला वाचता कुठं येतंय?”

“नसंल येत. पोराने लिवलेलं बगायला वाचता यावं लागत नाय.”

गुरुवारी दोघं एस.टी.ने निघाली. पोलादपूरला गाडी बदलली. कापडे शकूचं माहेर, पण जितेश गेल्यापासून ती इकडे फिरकली नव्हती. उतरल्यावर शेतात भाताच्या कापणीनंतरचे खुंट दिसत होते, वाटेवर ओळखीच्या दोन बायांनी हाका मारल्या. ती थांबली नाही, पदर सावरत चालत राहिली.

शाळेत गौतमीबाईंनी खुर्ची दिली. शकू बसली नाही. मशीनच्या पुढ्यात उभी राहिली. श्रीपतने झाकण उघडून चिप कुठली ते तिला बोटाने दाखवलं, नखाएवढा काळा चौकोन.

“ह्यात?”

“ह्यात.”

तिने पदराच्या टोकाने त्याच्यावरची धूळ टिपली. श्रीपत एरवी ओरडला असता. आज पुसू दिली.

मग त्याने बटण दाबलं. टूक. नाव आलं. त्याने एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचून दाखवलं, आणि वाचून होईपर्यंत नाव वर सरकलं. शकूचे ओठ हलले. खाली आकड्यांची यादी येऊन मशीन अडलं.

“ह्ये काय?” तिने विचारलं.

“ती यादी. तीच बिघडल्येय. ते नुसतं कचऱ्यावाणी हाय, ते बगू नको.”

पण शकूचा डोळा जन्मभर तांदळातला खडा शोधलेला. ती पडद्याला नाक लावून बघत राहिली. “आवो, सगळ्या वळींत भोपळेच भोपळे हायत. ही एकच वळ भरलेली कशी? शेवटची?”

“म्हटलं ना, कचरा.”

“कचरा असा नीट एका वळीत पडतो व्हय?”

श्रीपतने चष्मा पुसला आणि पहिल्यांदा ती ओळ नीट वाचली. वरच्या ओळींत शून्यं भरलेली, कुठंतरी एखादा आकडा. आणि ही शेवटची : २०४१५९२०४१४२४१४२. जागेचा एवढा मोठा आकडा दुनियेतल्या कुठल्याच मशीनचा नसतो. म्हणून तर कारभारी आपटत होता. पण शेवटी एक्केचाळीस, बेचाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस. हे आकडे त्याने कुठंतरी पाहिले होते.

त्याने पिशवीतून वही काढली. अक्षरांच्या आकड्यांचं पान. त्याखाली जितेशने लाल शाईत लिहिलं होतं, ‘मशीन आकडे उलटे मांडतं, बाबा. शेवटून, जोडी-जोडीने वाचायचे.’

“बाई, जरा खडू द्या,” तो म्हणाला.

फळ्यावर त्याने शेवटून जोड्या मांडल्या. बेचाळीस म्हणजे बी. एक्केचाळीस म्हणजे ए. पुन्हा बी. पुन्हा ए. वीस म्हणजे रिकामी जागा. एकोणसाठ, वाय. एक्केचाळीस, ए. वीस, परत रिकामी जागा. संपलं.

गौतमीबाईंनी फळा वाचला आणि हात तोंडावर नेला.

“काय लिवलंय?” शकूने विचारलं. “कुणीतरी सांगा की.”

श्रीपतने खडू खाली ठेवला. गौतमीबाईंनीच सांगितलं. “मावशी, लिहिलंय, ‘बाबा या’.”

आता सगळं श्रीपतला लख्ख दिसलं. पोराने एकच ओळ लिहिली होती. श्रीपत रेडिओ महाड बाबा या. चिपमध्ये नावासाठी जागा वीस इंग्रजी अक्षरांची, ती दुकानाच्या नावातच भरली. पुढची अक्षरं जागेबाहेर गेली, ती शेजारच्या यादीवर पडली, आणि पडद्यावर नुसतं दुकानाचं नाव आलं. अर्धंच आलं. मशीन लावून बघितलं असतं तर जितेशला मुंबईतच कळलं असतं. पण त्याने ते लावलं नाही. सही बाबांची, तर पहिलं बटण बाबांनीच दाबायचं. बापाचा नेम पोराने पाळला होता, आणि बापाने सुतळी सोडली नव्हती. दोन दिवस ते बोलावणं त्याच्या दुकानात, त्याच्या पायाशी, गाठ मारून पडलेलं होतं.

“माज्या तोंडावर बोलवायला हवं म्हनत होतो,” श्रीपत म्हणाला. “त्याने बोलावलं होतं गो. त्याने बोलावलं होतं.”

तो मुलांच्या बाकावर बसला आणि हमसून हमसून रडला. चांगू दारातून मुकाट्याने बाहेर गेला आणि व्हरांड्यात गोळा झालेल्या पोरांना मैदानावर पिटाळून आला.

शकू रडली नाही. ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि दोन वर्षांत बोलली नव्हती ते बोलली. “मी सांगितलं होतं तुमाला. देवाशपथ सांगितलं होतं. तुमी मला खोटी पाडलीत. रोज खोटी पाडलीत. त्याने बोलावलंच नाय, बोलावलंच नाय. मलासुद्धा वाटाय लागलं होतं, मीच माज्या मनाचं सांगितलं का काय.”

“चुकलं माजं.”

“आता मला सांगून काय उपेग?” ती म्हणाली, आणि मग त्याच्या शेजारी बाकावर बसली.

बाहेर पोरांचा कल्ला चालू होता. शेवटी गौतमीबाई हळूच म्हणाल्या, “काका, राहू दे आज. परीक्षेचं मी बघते काहीतरी. ती चिप नका बदलू.”

“नाय बाई. पोरांचं अडवायचं नाय. त्याने त्यांच्यासाठी आणलंय ते.” श्रीपत उठला. खिशातून नव्या चिपची डबी काढली. उघडली. बघितली. आणि मिटून परत खिशात ठेवली.

वहीच्या अगदी शेवटच्या पानावर जितेशने एक तोडगा लिहून ठेवला होता. ‘फर्मवेअरची यादी चुकलेली असेल तर कर्नेलला आपल्याला हाताने खरी यादी देता येते. तो जुनी यादी छापतो, पण चालतो आपल्या यादीने.’ श्रीपतला हा तोडगा कधी पसंत पडला नव्हता. मूळ दुखणं तसंच ठेवून वरून मलमपट्टी, हे त्याच्या नेमात बसत नव्हतं. तीस वर्षांत त्याने बिघडलेला पार्ट सेटात राहू दिला नव्हता.

आज राहू दिला. एका बोटाने, वहीत बघून बघून, त्याने ती ओळ टाइप केली. जागा एवढी, इथपासून इथपर्यंत. तासभर गेला. दोनदा चुकलं, पुन्हा केलं. तिसऱ्यांदा मशीन पुढं गेलं. पडद्यावर निळा रंग आला, मराठी अक्षरं आली. गौतमीबाईंनी ‘आली, आली’ म्हणून टाळी वाजवली आणि लगेच आपल्याच टाळीची लाज वाटून हात खाली घेतले.

“आता रोज असंच येईल?” शकूने विचारलं.

“रोज. माजं नाव येईल, मग ती आकड्यांची वळ येऊन जाईल, मग मशीन चालू होईल.”

“आन पोरांना कळंल, काय लिवलंय ते?”

“नाय कळणार. त्यांना आकडेच दिसतील.”

“दिसू देत,” शकू म्हणाली.

श्रीपतने मशीन बंद केलं. कानावरची पेन्सिल काढली. पत्र्याचं झाकण उलटं करून मांडीवर घेतलं, आणि आतल्या बाजूला, जिथं पुन्हा कुणी उघडल्याशिवाय दिसणार नाही तिथं, तारीख टाकली. खाली सही केली. पेन्सिल उचलून परत ठेवली, आणि सहीखाली आणखी एक शब्द लिहिला.

आलो.

“काय लिहिलंत काका?” गौतमीबाईंनी विचारलं.

“काय नाय बाई. तारीख टाकली. आमची पद्धत हाय.”

झाकणाचे चारही स्क्रू त्याने स्वतः आवळले. मग शकूला जवळ बोलावलं, ती बाजूला येऊन उभी राहीपर्यंत थांबला, आणि बटण दाबलं.